हळद नको

कुमुदिनीचे उरलेले सात दात
आज एकदम काढले.
गालांत कापूस, मांडीवर कॅलेंडरचं उलटं पान,
त्यावर पेन्सिलीने एकच शब्द :
भूक.

घोडपदेवच्या वाण्याकडची मसुराची डाळ,
लाल, साल काढलेली.
मी नळाखाली धरतो.
पाणी गढूळ, मग कमी गढूळ,
मग माझाच कंटाळा.
पुरे.

शारजाच्या गोदीत नऊ वर्षं
मी वेल्डिंग केलं आणि इलियासने स्वयंपाक.
लेबनॉनचा, झाहलेकडचा.
मनगटं जाड, आवाज बारीक,
सदऱ्याच्या खिशात कायम एक लिंबू.
गुरुवारी संध्याकाळी हे मोठं पातेलं चढायचं.
पहिल्या वेळी विचारलं, काय आहे?
म्हणाला, अदस.
मी ऐकलं, उदास.
म्हटलं, का रे बाबा?
त्याने पळीभर वाढलं माझ्या ताटलीत,
जणू हेच उत्तर.

कांदा बारीक चिरायचा.
मला जमतो तेवढा बारीक, म्हणजे नाहीच.
तेलात तो आधी पांढरा, मग चष्म्याच्या काचेसारखा,
मग कडेकडेने तांबूस.
जिरं. डाळ. डाळीवर चार बोटं पाणी.

कुमुदिनी दारात येऊन उभी.
तीन बोटं दाखवते : तीन शिट्ट्या.
कुकर नाही लावायचा, मी सांगतो,
चाळीस माणसांच्या गोदीत
शिट्ट्या मोजायला कोण बसलं होतं?
ती मिसळणाच्या डब्याकडे बोट करते.
हळद नको.
हिंग?
हिंगही नको.
एक्केचाळीस वर्षांच्या संसारात
तिच्या भुवया एवढ्या वर गेलेल्या
मी दोनदाच पाहिल्या.
पानावर लिहिते :
हे वरण आजारी आहे का?

वीस मिनिटांनी तिला हाक मारतो.
बघ.
लाल गेलं कुठे?
डाळ आपली आपणच पिवळी झाली आहे,
कोणी काही न घालता.
ती बघते. काही लिहीत नाही.
मी ताकाची रवी घेऊन घुसळतो,
दोन शिंतोडे ओट्यावर, एक बनियनवर.

ऑलिव्हचं तेल इलियास वरून सोडायचा, हात सैल ठेवून.
आमच्याकडे ते औषधांच्या कपाटात असतं,
कैवल्यच्या मालिशसाठी आणलेला डबा,
तळाशी थोडं उरलेलं.
तारीख अजून दोन महिने पुढची.
वाटीत सोनेरी चकती तरंगते
आणि स्वयंपाकघरभर
नातवाच्या जावळाचा वास.
तिला हसू येतं, आणि हसलं की दुखतं.
गाल धरून हसते.

डॉक्टरांनी कोमट सांगितलंय.
म्हणून आम्ही वाटी निवायची वाट बघत बसतो.
माझ्यासाठी कालचा ब्रून पाव, तव्यावर कडक केलेला.
खाली गाडीवाला भंगार ओरडत जातो,
परत येतो.

चार चमचे झाल्यावर ती पान ओढते :
त्याला घरी कोण कोण होतं?

मला माहीत नाही.
त्याची सुरी ओळखली असती मी अंधारात.
आच बंद केल्यावरच लिंबू पिळायचं,
आधी पिळलं की कडवटतं, हे त्याचं वाक्य
पाठ आहे.
आणि एक वाटी तो दर गुरुवारी
बाजूला झाकून ठेवायचा.
मी धरून चाललो होतो, वॉचमनसाठी.
वॉचमन मलबारी होता, घरून डबा आणायचा.
हे मला आत्ता,
चमचा तोंडाशी असताना
लक्षात येतंय.

कुमुदिनी पेन्सिल हातात धरून बसते जरा वेळ.
मग त्या प्रश्नाखालीच लिहिते :
लिंबू.
तुला नको, आत टाके आहेत.
ती वाटी पुढे करते.
दोनच थेंब देतो.
ती घोट घेते, डोळे घट्ट मिटते.

कुठे झोंबलं,
मी विचारतो.